बाथला जाण्याआधी: गरम पाणी कुणाचं?

इंग्लंडमध्ये बाथ नावाचं एक शहर आहे आणि ते नाव खरोखरच अंघोळीवरून पडलंय. जमिनीतून आपोआप गरम पाणी वर येतं, साधारण ४६ अंश सेल्सिअस. ब्रिटनमधले हे सगळ्यात गरम झरे. रेडिंगहून ट्रेनने तासाभराचा प्रवास, त्यामुळे 'जाऊ कधीतरी' या यादीत ते माझ्याकडे बरेच दिवस पडून होतं. आता आई-बाबा येणार आहेत म्हटल्यावर नुसतं 'कधीतरी' चालणार नाही, व्यवस्थित प्लॅन करायला हवा.

बाबांचे गुडघे दुखतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवर त्यांचा भारी विश्वास. फोनवर मी बाथचं वर्णन करत होतो, रोमन लोक, दोन हजार वर्षं, युनेस्को वगैरे. ते सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "ते ठीक आहे रे, पण तिथे अंघोळ करता येते का?"

साधा प्रश्न आहे, पण 'हो' किंवा 'नाही' म्हणून सुटणारा नाही. दोन वीकेंड वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं की या शहराचा सगळा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतोय. पाणी फुकट वर येतं, पण त्यात उतरायचं कुणी आणि आत सोडायचं की नाही हे ठरवायचं कुणी? प्रत्येक काळाने याचं वेगळं उत्तर दिलं आणि त्या त्या उत्तराप्रमाणे इमारती बांधल्या. आपण जाऊन बघतो त्या या इमारती. म्हणून म्हटलं, प्लॅन लिहिताना हे पण लिहून काढू.

आधी पाण्याचं बघू. मेंडिप नावाच्या डोंगरांवर हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस चुनखडीच्या दगडातून झिरपत खोल जातो, अडीच ते सव्वाचार किलोमीटर. तिथे पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतो आणि दाबामुळे भेगांतून परत वर येतो. मुख्य झऱ्याचं पाणी दिवसाला सुमारे ११ लाख ७० हजार लिटर. पंप नाही, वीज नाही, मेंटेनन्स नाही. ज्याला कधी डाऊनटाईम आला नाही अशी ही सिस्टिम. शहरात असे तीन झरे आहेत आणि तिन्ही एकमेकांपासून चालत दोन-तीन मिनिटांवर.

सकाळ: रोमन बाथ्स

रोमन येण्याच्या आधीपासून इथले स्थानिक लोक या झऱ्याला सुलिस नावाच्या देवीचं स्थान मानायचे. रोमनांनी इसवी सन ४३ मध्ये ब्रिटनवर स्वारी केली आणि पुढच्या तीस-एक वर्षांत इथे मंदिर आणि स्नानगृहं उभी राहिली. देवीला त्यांनी हटवलं नाही. आपल्या मिनर्व्हाशी तिची सांगड घातली, सुलिस मिनर्व्हा. गावाचं नाव पण 'अक्वे सुलिस', म्हणजे सुलिसचं पाणी. नाव त्यांनी स्थानिक देवीचंच ठेवलं. हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गावदेवीचं मोठ्या देवतेशी नातं जोडणं आपण पिढ्यान्‌पिढ्या बघत आलोय.

रोमन इंजिनियरांनी दलदलीत ओकचे खांब ठोकले, झऱ्याभोवती दगडी भिंत घातली आणि तिला आतून शिशाचे पत्रे लावले. मोठ्या हौदाच्या तळाला शिशाचे ४५ पत्रे आहेत. जास्तीचं पाणी एव्हन नदीत सोडायला त्यांनी बांधलेलं गटार आजही वापरात आहे! इतक्या जुन्या सिस्टिमचा एखादा भाग प्रॉडक्शनमध्ये चालू आहे म्हटल्यावर माझ्यासारख्याने हात जोडायचे बाकी राहतात.

पण तिथे जाऊन सगळ्यात आधी काय बघायचं, तर शिशाच्या छोट्या पट्ट्या. झऱ्यातून अशा सुमारे १३० पट्ट्या निघाल्या. त्यांवर लॅटिनमध्ये शाप कोरलेले आहेत. कुणाचा झगा चोरीला गेला, कुणाचं भांडं गेलं, तर चोराला शिक्षा कर म्हणून देवीला घातलेले अर्ज. डोकिमेडिस नावाच्या एका माणसाचे दोन हातमोजे गेले. चोराचं डोकं फिरावं आणि डोळे जावेत अशी त्याची मागणी. हातमोज्यांसाठी! चोर कोण हे माहीत नसल्याने बऱ्याच पट्ट्यांवर पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र, असे सगळे पर्याय लिहिलेले आहेत. म्हणजे कुठलीही केस सुटू नये.

हे वाचून हसू येतं, पण त्यातून एक गोष्ट कळते. एक झगा किंवा हातमोजे गेले म्हणून जो देवीपर्यंत जातो तो श्रीमंत नसणार. आणि चोर गुलाम असू शकतो असं त्यांना वाटतं, याचा अर्थ गुलामही तिथे वावरत होते. राजेरजवाड्यांच्या शिलालेखांत न सापडणारी साधी माणसं इथे सापडतात. त्यांना पाण्यापर्यंत येता येत होतं आणि देवीसमोर तक्रार मांडता येत होती.

एक सूचना. फोटोत दिसतो तो मोठा हौद, भोवतीचे खांब, वरच्या गच्चीवर उभे रोमन सम्राट... तर खांबांचे खालचे बुंधे रोमन आहेत, वरचं बहुतेक सगळं व्हिक्टोरियन. हौद जमिनीखाली गाडला गेला होता. तो १८८० च्या दशकात शहराचा सर्व्हेयर चार्ल्स डेव्हिस याने मोकळा केला. वरची गच्ची आणि पुतळे १८९७ चे. रोमन बघायचं असेल तर नजर खाली ठेवा. आणि बाबांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच मिळतं. या हौदात अंघोळ करता येत नाही, आणि हात सुद्धा घालायचा नाही. कारण पुढे सांगतो.

दुपारच्या आधी: ॲबी आणि पंप रूम

रोमन गेल्यावर मंदिर कोसळलं, हौद चिखलाने भरला, पण झरा वाहत राहिला. तिथे मठ आला. ९७३ साली इंग्लंडचा राजा एडगर याचा राज्याभिषेक याच जागी झाला. १०८८ च्या सुमारास जॉन ऑफ टूर्स हा बिशप आला, तो मुळात वैद्य. मग बाराव्या शतकात रोमन कुंडाच्या अवशेषांवरच 'किंग्ज बाथ' बांधलं गेलं. ११७४ मध्ये झऱ्यांच्या शेजारी सेंट जॉन्स हॉस्पिटल सुरू झालं. हॉस्पिटल म्हणजे तेव्हाच्या अर्थाने, गरीब आणि आजारी लोकांना आसरा. ती संस्था अजून चालू आहे, आजही तिथे गरजू वृद्धांना राहायला घर मिळतं.

पुढे १५३९ मध्ये आठव्या हेन्रीने मठ मोडला आणि १५९० मध्ये पहिल्या एलिझाबेथच्या सनदेने झरे शहराच्या ताब्यात आले. देवीकडून मठाकडे, मठाकडून नगरपालिकेकडे. मालक बदलले की कॉन्फिगरेशन बदलतं हे आपल्याला ठाऊक आहेच.

नगरपालिकेच्या हातात पाणी आलं आणि शंभर-सव्वाशे वर्षांत त्याचा धंदा झाला. १७०२ आणि १७०३ मध्ये ॲन राणी येऊन गेली. राणी आली म्हणजे सगळे बडे लोक येणारच. त्याच सुमाराला ब्यू नॅश नावाचा एक गृहस्थ गावात आला, खिशात फारसं काही नाही, भांडवल म्हणजे जुगार आणि चांगले कपडे. तो इथला 'मास्टर ऑफ सेरेमनीज' झाला. नाच किती वाजता सुरू, किती वाजता बंद, तलवार लावून यायचं नाही, असे नियम त्याने घालून दिले आणि सरदारांनी ते पाळले. नवा पाहुणा गावात आला की ॲबीच्या घंटा वाजायच्या, आणि त्या वाजवल्याचे पैसे त्याच पाहुण्याकडून मागायचे :) नाचाची वर्गणी वेगळी, बागेत फिरायची वेगळी. पाणी राहिलं बाजूला, लोक एकमेकांना बघायला येऊ लागले.

पंप रूममध्ये उभं राहून पाणी प्यायचं आणि खिडकीतून खाली किंग्ज बाथमध्ये डुंबणाऱ्यांना बघायचं, ही तेव्हाची फॅशन. आपण पितोय ते पाणी आणि त्यांनी डुंबून सोडलेलं पाणी वेगळं आहे ना, ही शंका स्मॉलेटच्या 'हम्फ्री क्लिंकर' (१७७१) या कादंबरीतल्या चिडखोर म्हाताऱ्याला छळते. अगदी रास्त शंका!

ॲबीच्या आत भिंतींवर सहाशेहून जास्त स्मृतिशिला आहेत. बरे व्हायला आलेले आणि इथेच गेलेले लोक. त्यांत ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केलेले, वेस्ट इंडिजमध्ये मळे असलेले बरेच. त्यांचा पैसा कुठे गेला ते पुढच्या टप्प्यात दिसतं.

दुपार: सर्कस आणि रॉयल क्रेसेंट

सर्कस म्हणजे हत्ती-घोडे नाहीत, गोल चौक. बाप-लेक दोघांचंही नाव जॉन वुड. बापाने १७५४ मध्ये सर्कस सुरू केली आणि त्याच वर्षी तो वारला. मुलाने ती १७६८ पर्यंत पुरी केली, शिवाय १७६७ पासून रॉयल क्रेसेंट बांधली, चंद्रकोरीत ३० घरं. दगड जवळच्याच खाणींतला, मधाच्या रंगाचा. खाणी राल्फ ॲलनच्या, ज्याने आधी टपालखात्याची व्यवस्था सुधारून पैसा केला होता.

यातली बिझनेस आयडिया मला फार आवडली. वुडने फक्त दर्शनी भाग ठरवून दिला. ज्याने प्लॉट घेतला त्याने त्या ठरलेल्या दर्शनी भागाच्या मागे आपल्याला हवं तसं घर बांधायचं. समोरून सगळं एकसारखं, मागच्या बाजूने बघाल तर कुणाची खिडकी कुठे, कुणाचं छप्पर कसं, काही ताळमेळ नाही. इंटरफेस एक, इम्प्लिमेंटेशन ज्याचं त्याचं. मागच्या गल्लीतून एक चक्कर जरूर मारायची, प्लॅनमध्ये लिहून ठेवलंय.

सर्कसमध्ये १४ नंबरच्या घरावर रॉबर्ट क्लाइव्हच्या नावाची पाटी आहे. तोच, प्लासीवाला. आपल्याला त्याची आणखी एक ओळख आहे. प्लासीच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, ॲडमिरल वॉटसनबरोबर विजयदुर्गावर चाल करून जाणाऱ्यांत तो होता. पेशव्यांनी तुळाजी आंग्रे यांना मोडायला इंग्रजांची मदत घेतली, मराठ्यांचं आरमार जळालं आणि किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. त्या वेळी कोकणच्या किनाऱ्यावर काय होत होतं आणि बाथमध्ये काय चाललं होतं, हे शाळेत दोन वेगळ्या धड्यांतही आलं नाही. पण तारखा शेजारी ठेवून बघा. सर्कसचं बांधकाम चालू होतं तेव्हाच विजयदुर्ग पडला.

विल्यम बेकफर्ड तर आणखी सरळ उदाहरण. जमैकातल्या उसाच्या मळ्यांची वारसदारी, म्हणजे गुलामांच्या मेहनतीचा पैसा. १८२० च्या दशकात तो बाथला येऊन राहिला आणि टेकडीवर १८२७ मध्ये एक मनोरा बांधून मोकळा झाला. मनोरा अजून आहे. गंमत म्हणा की काय म्हणा, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या विल्बरफोर्सचं लग्न १७९७ मध्ये याच शहरात झालं.

जेन ऑस्टिन १८०१ ते १८०६ इथे राहिली. तिच्या 'पर्सुएशन' मध्ये मिसेस स्मिथ नावाची विधवा आहे. संधिवाताने जवळजवळ पांगळी, पैसे संपलेले, गरम पाण्याच्या उपचारासाठी झऱ्यांजवळच्या स्वस्त खोलीत राहते. आणि तिची अडकून पडलेली मालमत्ता कुठे असते, तर वेस्ट इंडिजमध्ये. नाचगाण्याच्या सीझनमध्ये जिच्या गुडघ्यांसाठी खरं म्हणजे हे पाणी होतं, ती बाई कादंबरीत एका कोपऱ्यात बसलेली आहे.

तिसरा प्रहर: एक जुनं हॉस्पिटल

पर्यटकांच्या यादीत ही इमारत सहसा नसते. १७३८ मध्ये ठरलं आणि १७४२ मध्ये उघडलं ते मिनरल वॉटर हॉस्पिटल. हे गरिबांसाठी होतं आणि तेही बाहेरगावच्या. डॉक्टर विल्यम ऑलिव्हर, वर्गणी गोळा करायला नॅश, दगड ॲलनचा, नकाशा थोरल्या वुडचा. ज्यांनी पाण्याचा बाजार मांडला त्याच मंडळींनी हे पण उभं केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीमुळे दुसरी पुसली जात नाही.

आणि उपचाराचा उपयोग होत होता का? काहींना नक्कीच होत होता. त्या काळी शिशाचं विष अंगात भिनून हात-पाय लुळे पडलेले लोक खूप असायचे. रंगारी, नळ बसवणारे, शिसं मिसळलेली दारू पिणारे. विसाव्या शतकात प्रयोग करून बघितलं तेव्हा कळलं की माणूस गळ्यापर्यंत पाण्यात तासन्‌तास बसला की मूत्रपिंडांचं काम वाढतं आणि लघवीवाटे शिसं जास्त बाहेर पडतं. म्हणजे गुण खनिजांपेक्षा पाण्यात बुडून बसण्याचा होता.

१९४८ मध्ये ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आली आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर या झऱ्यांचे उपचार सरकारी खर्चाने मिळू लागले. म्हणजे गुडघे दुखणाऱ्या कुणालाही. झऱ्याच्या अख्ख्या इतिहासात बाबांच्या प्रश्नाला मिळालेलं हे सगळ्यात सरळ 'हो' असावं. सत्तरच्या दशकात ते बंद झालं.

हे हॉस्पिटल मात्र संधिवातावरचं नावाजलेलं केंद्र म्हणून चालू राहिलं. २०१९ मध्ये ते शहराबाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलच्या आवारात हललं. जुनी इमारत हॉटेल करण्यासाठी विकली गेली.

शहराच्या बाबतीतही असंच काहीसं झालं. एप्रिल १९४२ मध्ये जर्मन विमानांनी बाथवर बाँब टाकले, चारशेहून जास्त माणसं गेली. त्यातून वाचलेली कामगारांची जुनी छोटी घरं साठ-सत्तरच्या दशकांत पालिकेच्या आशीर्वादाने पाडली गेली. यावर ॲडम फर्ग्युसन यांनी १९७३ मध्ये 'द सॅक ऑफ बाथ' हे पुस्तक लिहिलं, बोंब झाली आणि पाडापाडी थांबली. क्रेसेंटला कुणी हात लावला नव्हता. तिथे राहणाऱ्यांचे कपडे धुणाऱ्यांची घरं गेली.

संध्याकाळ: अंघोळ

आता ते राहिलेलं कारण. १९७८ मध्ये झऱ्याच्या पाण्याच्या तलावात पोहलेली एक मुलगी मेंदूच्या संसर्गाने दगावली. गरम पाण्यात वाढणारा नेग्लेरिया नावाचा अमिबा नाकातून मेंदूत जातो. झरा बंद केला गेला. नंतर खोल बोअर घेतलं, म्हणजे पाणी जुन्या रोमन अवशेषांतून न येता थेट खालून स्वच्छ वर येईल. पण दोन हजार वर्षं ज्या गावात लोक अंघोळीला येत होते, तिथे पुढची २८ वर्षं झऱ्याच्या पाण्यात अंघोळच नव्हती.

ती सोय परत करण्यासाठी थर्मे बाथ स्पा हा प्रकल्प निघाला. बजेट सुरुवातीला साधारण १.३ कोटी पौंड. ऑगस्ट २००३ मध्ये उद्घाटनाच्या निमित्ताने पाव्हारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास यांची मैफल झाली, पण इमारतच तयार नव्हती! तलावांचा रंग सुटत होता, पाणी झिरपत होतं, पालिका आणि ठेकेदार कोर्टात. उघडलं २००६ च्या ऑगस्टमध्ये, खर्च सुमारे ४.५ कोटी पौंड. गो-लाइव्हची पार्टी आधी आणि डिलिव्हरी तीन वर्षांनी. आमच्या क्षेत्रातल्या कुणी याला हसू नये.

पण आज तिथे जाता येतं. गच्चीवरच्या तलावात ३३-३४ अंशांच्या पाण्यात बसून समोर ॲबी दिसते. तिकीट महाग आहे, आणि इंग्लंडमध्ये पाऊल ठेवल्यापासून पौंडाला रुपयांनी गुणणाऱ्या माणसाला ते सांगावं की नाही हा माझा घरगुती प्रश्न आहे. बाबांना उत्तर 'हो' असंच दिलंय. रोमन हौदात नाही, पण पाणी तेच.

तर प्लॅन असा. सकाळची गाडी, आधी रोमन बाथ्स आणि शापांच्या पट्ट्या, मग ॲबी. जेवण झाल्यावर सर्कस, क्रेसेंट आणि मागची गल्ली. परत येताना जुन्या हॉस्पिटलसमोर पाच मिनिटं थांबायचं, बघण्यासारखं फार नसलं तरी. संध्याकाळी अंघोळ, रात्री परत.

आणि ॲबीत गेल्यावर बूट घातलेल्या पायांना जमीन कोमट लागते का ते बघायचं आहे. रोमनांच्या गटारातून नदीकडे वाहून जाणाऱ्या पाण्याची उष्णता काढून २०२१ पासून ॲबीची फरशी गरम ठेवतात. इतकी शतकं ती ऊब एव्हन नदीत वाहून जात होती.